तेल बाजूला ठेवा, हात कोरडा करा

प्रश्न : मी 46 वर्षांची आहे. इचलकरंजीत घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते, 17 वर्षं झाली. उजव्या खांद्यावर, मानेच्या बुडाशी सुपारीएवढी गाठ हाताला लागते. संध्याकाळ झाली की तिथून कळ निघते आणि कानामागून कानशिलापर्यंत चढते. एक मावशी मालीश करायला येतात. गरम तेल लावून अंगठ्यानं गाठ रगडतात. डोळ्यांत पाणी येतं, दुसऱ्या दिवशी निळं पडतं. दोन दिवस हलकं वाटतं, मग पुन्हा तेच. आता एका क्लिनिकमध्ये ‘मायोफॅशियल रिलीज’ची 10 सिटिंग घ्या म्हणून सांगितलंय. मुलगी म्हणते, मोबाइलवर बघून मीच करते. हे नक्की काय असतं? त्यानं गाठ फुटेल का? घरी जमेल का? आणि माझ्या सासूबाईंचीही पाठ दुखते. त्या 74 वर्षांच्या आहेत, हाडं ठिसूळ आहेत आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. त्यांना केलं तर चालेल का?

उत्तर : ताई, घरी नक्की जमेल, पण मावशी करतात तसं नाही. गाठ फुटणार नाही, कारण फुटावं असं तिच्यात काहीच नसतं. सासूबाईंना मात्र हे घरी करू नका. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. मटण साफ करताना मांसावर पांढुरका, पातळ, चिवट पापुद्रा दिसतो, तो आठवा. तसाच पापुद्रा आपल्या प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूच्या आतल्या तंतूंभोवती आणि दोन स्नायूंच्या मधे असतो. त्याला फॅशिया म्हणतात. तुम्हाला अस्तराच्या ब्लाउजवरून हे लगेच समजेल. वरचं कापड आणि अस्तर एकमेकांवर मोकळं सरकलं तर ब्लाउज अंगावर नीट बसतो. शिवताना अस्तराची एक चुणी टाक्यात अडकली, तर ताण त्याच जागी दिसत नाही. बाहीला किंवा काखेत ओढ बसते. फॅशियाच्या थरांमधेही असंच सरकणं चालू असतं आणि त्यासाठी मधे बुळबुळीत द्रव असतो. तासन्‌तास एकाच स्थितीत बसलं की हालचाल थांबते, तो द्रव दाटसर होतो आणि थर जड सरकतात असं मानलं जातं. त्यातच वरचा मोठा स्नायू, ट्रॅपेझियस, दिवसभर खांदा आणि हात तोलून धरतो. त्यातला एखादा पट्टा आखडून राहतो आणि दोरीसारखा हाताला लागतो. बोटाला जी सुपारी लागते ती हीच.

तुमची कळ कानशिलापर्यंत जाते, हेही या स्नायूचं ओळखीचं वागणं आहे. अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल (राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या त्या डॉक्टर होत्या) आणि डॉ. डेव्हिड सायमन्स यांनी कोणत्या स्नायूतली दुखरी जागा कुठे कळ पाठवते याचे नकाशे तयार केले. ते 1983 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ट्रॅपेझियसच्या वरच्या भागाची कळ मानेच्या बाजूनं कानामागे आणि पुढे कानशिलाकडे जाते. म्हणजे तुमची डोकेदुखी बहुधा डोक्यात सुरूच होत नाही, खांद्यावर सुरू होते.

आता रगडण्याबद्दल. जोर लावून फॅशिया ताणता येतो किंवा ‘चिकटलेलं सोडवता’ येतं, ही समजूत फार पसरली आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड फॅशिया आणि तळपायाचा फॅशिया 1 टक्का जरी दाबायचा किंवा सरकवायचा तर किती जोर लागेल, याचं गणित 2008 मध्ये मांडलं गेलं. उत्तर आलं ते माणसाच्या हातानं लावता येईल अशा जोराच्या पलीकडचं. मग हात ठेवल्यावर सैल कसं वाटतं? फॅशियामधे मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात आणि त्यांतली काही सावकाश, टिकून राहणाऱ्या ओढीला प्रतिसाद देतात. ती ओढ मिळाली की त्या स्नायूला आखडून राहण्याचा जो निरोप जात असतो तो मंदावतो, आणि ऊब व हळू हालचाल यांमुळे मधला द्रव पातळ होतो, अशी सध्याची समजूत आहे. जोरात रगडलं की नेमकं उलटं होतं. शरीर ती जागा सांभाळायला स्नायू आणखी आवळून धरतं. निळं पडणं म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटणं. ‘वाईट रक्त निघालं’ किंवा ‘विषारी द्रव्यं बाहेर पडली’ या बोलण्याला काही आधार नाही. दोन दिवस बरं वाटतं ते बहुधा एवढ्या दुखण्यापुढे मूळ दुखणं काही काळ झाकलं जातं म्हणून. मावशींना हे प्रेमानं सांगा; त्यांचा हात वाईट नाही, जागा आणि जोर चुकतो आहे.

मायोफॅशियल रिलीजचा गाभा असा : तेल नाही, सरकणं नाही, घाई नाही. तेलाच्या मालिशीत हात त्वचेवरून घसरतो, तेच तिचं सुख आहे. इथे हातानं त्वचेला पकडून खालचा थर सोबत न्यायचा असतो. तेलकट त्वचेवर हात घसरतो आणि ओढ लागतच नाही. म्हणून आधी खांदा-मान साबणानं धुऊन कोरडी करा. पावडरही नको, तिनंही घसरतं. घाम येत असेल तर पातळ सुती कापड अंगावर टाकून त्यावरून करा.

तयारी म्हणून 8 ते 10 मिनिटं ओला शेक द्या. टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मग खांद्यावर पसरा. मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर शेक टाळा. खुर्चीवर उलटं बसा, पाठ टेकायच्या जागी उशी ठेवून छाती टेकवा आणि कपाळ समोरच्या टेबलावर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. पालथं झोपून मान एका बाजूला वळवू नका. दुखऱ्या मानेला तेवढीच वळण पुरेशी तापदायक असते. मुलीनं नखं कापलेली असावीत, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात.

पहिली पकड दोन तळव्यांची. एक तळवा मानेच्या बुडाशी, मागच्या-बाजूच्या भागावर. दुसरा खांद्याच्या टोकावर. दोन्ही हात अलगद आत रुतू द्यायचे आणि मग एकमेकांपासून दूर, जरासे. थोडं गेल्यावर ‘इथे अडलं’ असं हाताला कळतं. तिथेच थांबायचं. पुढे ढकलायचं नाही, सोडायचंही नाही. साधारण 90 सेकंद ते 2 मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, आणि बहुतेकजण इथेच चुकतात. 20 सेकंदांत कंटाळून हात दुसरीकडे हलवतात. घड्याळ समोर ठेवा. सैल व्हायला लागलं की हाताखाली लोणी मऊ व्हावं तसं जाणवतं आणि हात आपोआप किंचित पुढे जातो. तो जाईल तेवढंच त्याच्या मागे जायचं. एका जागी 3 ते 5 मिनिटं पुष्कळ झाली.

किती जोर? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तळवा ठेवून मुलीनं 1 ते 2 किलोपर्यंत दाबून पाहावं. सुरुवात तेवढ्याच जोरानं करायची. मग खरी मोजणी तुमची. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर 4 ते 5 च्या वर जायचं नाही. त्याहून चांगली खूण म्हणजे श्वास. श्वास अडला, दात आवळले गेले किंवा खांदा कानाकडे उचलला गेला, की जोर जास्त झाला. लगेच अर्ध्यावर यायचं. जोर अंगठ्यातून काढू नका. मुलीनं पाय किंचित फाकवून उभं राहावं, कोपर सैल सरळ ठेवावं आणि अंगाचा भार झुकवावा. अंगठ्यानं दाबत राहिली तर महिन्याभरात तिच्याच अंगठ्याचं मूळ दुखू लागेल.

दुसरी जागा फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) वरच्या आतल्या कोपऱ्याची. हात पाठीमागे नेलात की फऱ्याचं हाड वर उठतं, त्याचा मणक्याकडचा वरचा कोपरा बोटाला सापडतो. मानेच्या वरच्या मणक्यांपासून निघणारा, खांदा वर उचलणारा स्नायू इथे येऊन चिकटतो. मान खाली घालून शिवणाऱ्यांची इथली तक्रार हमखास असते, आणि बरेचदा मोठी गाठ रगडली जाते, ही जागा मात्र राहून जाते. हाडावर नाही, त्याच्या अगदी वर मांसल भागावर दोन बोटांनी किंवा मुठीच्या सपाट भागानं 30 ते 60 सेकंद स्थिर दाब. मग दाब तसाच ठेवून तुम्ही डोकं टेबलावरून उचलायचं आणि हनुवटी डाव्या काखेकडे सावकाश न्यायची, परत आणायची. असं 5 वेळा. कोपरानं दाबू नका; कोपराला खालचं काही जाणवत नाही.

तिसरी जागा पुढची आहे, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. शिवताना दोन्ही खांदे पुढे येतात आणि छातीचा वरचा-बाहेरचा स्नायू आखूड राहून फऱ्याला सतत पुढे ओढतो. पाठीमागचा ट्रॅपेझियस दिवसभर त्या ओढीशी झगडत असतो. दुखतं मागे, ओढतं पुढून. अस्तराची चुणी पुन्हा आठवा. यासाठी मुलीची गरज नाही. भिंतीच्या कोपऱ्याजवळ उभं राहा, गळ्याच्या हाडाच्या खाली, बाहेरच्या टोकाकडे, काखेच्या आधी (काखेत नाही, आणि छातीच्या मऊ भागाच्या वर) टेनिसचा चेंडू ठेवा आणि भिंतीवर टेकून 60 ते 90 सेकंद थांबा. श्वास सोडताना अंग थोडं आणखी टेकू द्या. हाताला मुंग्या आल्या तर चेंडू लगेच काढा. तिथून हाताच्या नसा जातात.

डोकेदुखीच्या दिवशी चौथी पकड उपयोगी पडते. उताणं झोपा. मुलीनं डोक्याशी बसून दोन्ही हातांची बोटं कवटीच्या मागच्या कडेखाली, मान सुरू होते तिथे, वर वळवून ठेवावीत आणि तुमच्या डोक्याचं वजन बोटांवर येऊ द्यावं. दाबायचं काहीच नाही. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं, तेच पुरतं. 2 ते 3 मिनिटांत डोकं जड होऊन तिच्या तळव्यात उतरतं. मुलगी घरी नसेल तर मोज्यात दोन टेनिसचे चेंडू घालून गाठ मारा आणि तेच मानेखाली त्याच जागी ठेवा.

सगळं मिळून 15 मिनिटं, एक दिवसाआड. झाल्यावर एकदम उठू नका. मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवा, खांदे गोल फिरवा, मग उठा. दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर दुखतं तेवढं दुखलं आणि 48 तासांत गेलं तर ठीक. त्याहून जास्त टिकलं किंवा निळं पडलं तर पुढच्या वेळी जोर अर्धा करा. आणि तेलाची हौस असेल तर हे सगळं झाल्यावर हलक्या हातानं तेल लावा, झोप छान लागेल.

काही जागांना हात लावायचा नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, घशाच्या दोन्ही कडांना, जिथे नाडी लागते, तिथे कधीही दाबू नका. चक्कर येऊ शकते आणि त्याहून वाईटही होऊ शकतं. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यातही नको. मणक्याच्या हाडांवर थेट दाब नको. मसाज गन मानेवर लावू नका. आणि मानेला झटका देऊन कडकड आवाज काढणारा कुणी असेल, अगदी डोक्याची मालीश करणारा सलूनवाला असला तरी, त्याच्या हातात आपली मान देऊ नका. मणक्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यात इजा होऊ शकते.

हे सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना गाठ दाखवून घ्या. स्नायूची गाठ दाबल्यावर दुखते, तिच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखा पट्टा लागतो आणि विश्रांतीनं ती कमी-जास्त होते. न दुखणारी, टणक, वाढत जाणारी किंवा गळ्याच्या हाडाच्या वर लागणारी गाठ वेगळी, ती आधी तपासायलाच हवी. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, सुई धरताना बोटं ढिली पडणं, चालताना तोल जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा विनाकारण घटलेलं वजन, यांतलं काही असेल तर मालीश-दाब सगळं थांबवून तपासणी करा. आणि खांदा-मान-जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत जडपणा, घाम किंवा दम लागत असेल तर ते स्नायूचं समजून शेकत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

क्लिनिकच्या 10 सिटिंगबद्दल. या उपचारानं मान-खांद्याचं दुखणं काही काळापुरतं कमी होतं, असं अनेक अभ्यासांत दिसतं. नुसत्या त्यावर कायमचं बरं होण्याचा भरवसा देता येत नाही. त्यामुळे 10 चे पैसे आधी भरू नका. करणारी व्यक्ती बी.पी.टी. किंवा एम.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) झालेली आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी असलेली आहे का, ते विचारा. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. पहिल्या भेटीत मानेच्या हालचाली, हाताची ताकद, बसण्याची पद्धत हे न पाहता थेट पालथं झोपवलं तर तिथे परत जाऊ नका. तुमच्याकडे टेप आहेच. ताठ बसून मान डावीकडे पूर्ण वळवा आणि हनुवटीपासून डाव्या खांद्याच्या टोकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा, तसंच उजवीकडे. शिवायला बसल्यापासून किती वेळानं कळ सुरू होते, तेही वहीत लिहा. 3-4 सिटिंगनंतर हे आकडे हलले नाहीत तर उरलेली 6 घेऊन हलतील अशी आशा धरू नका. हाच हिशेब घरच्या उपचारालाही लावा, 3 आठवड्यांनी.

आणि मशीन. हे केलं नाही तर वरचं सगळं दर संध्याकाळी नव्यानं करावं लागेल. स्टुलावर बसून हात खाली सोडा, कोपर काटकोनात वाकवा. मशीनचा पाट कोपराच्या उंचीला किंवा त्याच्या 5 सें.मी. वर यायला हवा. बहुतेक घरांत तो खाली असतो, म्हणून मान आणि पाठ कापडाकडे वाकते. टेबलाच्या चारही पायांखाली सारख्या जाडीच्या लाकडी ठोकळ्या घाला. पायडलचं मशीन असेल तर हलत नाही ना ते तपासा. त्याच वेळी कोपर फार उचललं जात असेल तर उंची जास्त झाली, ठोकळा पातळ करा. सुईवर वेगळा दिवा लावा, कारण पुष्कळदा माणूस दिसत नाही म्हणून वाकतो. चष्म्याचा नंबर वर्षभरात तपासला नसेल तर तपासा. हातशिलाई, हुक-काजं करताना मांडीवर जाड उशी घेऊन त्यावर काम ठेवा, म्हणजे काम डोळ्यांकडे येईल. 30-40 मिनिटांनी उठून दोन मिनिटं हात वर ताणा; बॉबिन संपली की उठायचं, असा नियम ठेवलात तर घड्याळही पाहावं लागणार नाही.

आखडलेला स्नायू बहुधा कमजोरही असतो, म्हणून ताकदीचा व्यायाम हवा. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या 1 लिटरच्या बाटल्या घ्या, खांदे कानाकडे उचला, क्षणभर थांबा, सावकाश खाली आणा. 12 वेळा, 2 फेऱ्या, आठवड्यातून 3 दिवस. दोन आठवड्यांनी सोपं वाटलं तर 2 लिटरच्या बाटल्या. यात दुखणं 5 च्या वर गेलं तर पुन्हा हलक्या बाटलीवर या.

आता सासूबाई. ठिसूळ हाडांवर पाठीवर दाब दिला तर बरगडी किंवा मणका मोडू शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना थोड्या जोरानंही आत रक्त साकळतं. गोळी त्यासाठी बंद करणं तर अजिबात नाही. त्यांच्या पाठीचं दुखणं नवं असेल, उठता-बसताना एकाच जागी टोचत असेल किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर आधी एक्स-रे काढून मणका दबलेला नाही ना ते पाहा. तोवर त्यांच्या हाता-पायांना कोमट तेल वरच्यावर, न दाबता लावा. पोटऱ्या मात्र चोळू नका, आणि एकच पाय सुजलेला, गरम किंवा दुखरा दिसला तर त्याला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण ती पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते.